पडद्यावरच्या दोन जत्रा

महाशिवरात्रीच्या सुमारास महाडास वीरेश्वराचा छबिना भरतो. गावोगावच्या पालख्या येतात, ढोल वाजतात, रात्रभर माणूस जागचा हलत नाही. लहानपणी आम्ही भावंडे पोलादपुराहून या जत्रेला यायचो ती देवदर्शनाला जातो असे घरी सांगून. आमचे खरे दैवत मैदानाच्या टोकाला उभे असे, आणि ते म्हणजे आकाशपाळणा. बाकीची मुले तोंड वर करून पाळण्याकडे बघत. मी मात्र पाळणेवाल्याकडे बघत राही. तो एका हाताने पैसे घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने खटका ओढायचा. एवढ्या माणसांचे जीव अंगावर घेऊन हा मनुष्य विडी ओढत निवांत उभा कसा राहतो, याचे मला फार नवल वाटे. पाळण्यात बसण्यापेक्षा पाळण्याचे मालक व्हावे, अशी त्या वयातली माझी महत्त्वाकांक्षा होती. पुढे मॅट्रिक झालो, मास्तर झालो, दोन-चार कादंबऱ्या लिहिल्या. पाळणा तेवढा राहून गेला.

तो योग आला २००० सालच्या सुमारास, आणि तोही कॉम्प्युटरच्या पडद्यावर. माझा धाकटा भाऊ तेव्हा महाडात कॉम्प्युटरच्या क्लासला जात असे. एके दिवशी कुणाकडून तरी त्याने एक तबकडी आणली. तिच्यावर ‘रोलरकोस्टर टायकून’ नावाचा खेळ होता. आपण एका रिकाम्या बागेचे मालक व्हायचे, तीत पाळणे, चक्री, घसरगाड्या उभारायच्या, तिकिटाचा दर ठरवायचा, आणि लोक कसे येतात ते पाहायचे, असा तो प्रकार. दोन वर्षांनी डोंबिवलीस मावसभावाकडे गेलो असता तशाच जातीचा दुसरा खेळ पाहिला. त्याचे नाव नुसते ‘थीम पार्क’. मला वाटले, ही पहिल्याची नक्कल असावी. पण गोष्ट उलटी होती. ‘थीम पार्क’ निघाला १९९४ साली आणि ‘रोलरकोस्टर टायकून’ १९९९ साली. थोरल्या भावाची ओळख धाकट्यानंतर व्हावी तसे माझे झाले.

या दोन भावांविषयी दिवाळी अंकात लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. मास्तरांनी असल्या विषयावर लिहावे हे काहींना रुचणार नाही. परंतु दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले आणि पडद्यावर जत्रा भरवणारी मुले यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही एक छोटे जग आपल्या हाताने मांडायचे असते, आणि मांडून झाल्यावर त्यात माणसे वागवायची असतात. फरक एवढाच की, किल्ल्यावरचे मावळे आपण ठेवू तिथे उभे राहतात. पडद्यावरची माणसे मात्र चालू लागतात, आणि खरा पेच तिथून सुरू होतो.

अगोदर थोरल्याची हकिगत सांगतो. इंग्लंडात गिल्डफर्ड नावाचे गाव आहे. तिथे ‘बुलफ्रॉग’ नावाची मंडळी खेळ बनवीत. बुलफ्रॉग म्हणजे मोठा बेडूक. त्यांचे म्होरके पीटर मॉलिन्यू. १९८९ साली त्यांनी ‘पॉप्युलस’ नावाचा खेळ काढून खेळणाऱ्याला चक्क देव करून टाकले होते. देवपण देऊन झाल्यावर त्यांनी दुकानदारपण द्यायचे ठरवले, आणि त्यातून ‘थीम पार्क’ निघाला. या कामात त्यांच्या जोडीला सतरा वर्षांचा एक पोरगा होता, त्याचे नाव डेमिस हॅसाबिस. हाच मुलगा पुढे यंत्रांना विचार करायला शिकवण्याच्या उद्योगात पडला आणि २०२४ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी झाला. खेळात आयुष्य फुकट घालवतोस म्हणून मुलांवर ओरडणाऱ्या पालकांनी हे वाक्य वगळून पुढे जावे!

‘थीम पार्क’मध्ये इंग्लंडातली एक मोकळी जागा तुम्हाला मिळते. तिच्यावर प्रथम हवा भरलेला उड्या मारायचा किल्ला, मग चक्री, मग मोठे पाळणे असे करीत बाग वाढवायची. झाडूवाले, मेकॅनिक, रखवालदार आणि कोंबडीचा वेष घालून नाचणारे सोंगाडे पगारावर ठेवायचे. वर्षाअखेर बाग लिलावात विकून दुसऱ्या देशात नवी जागा घेता येते. नोकरांचा पगार ठरवायच्या वेळी पडद्यावर टेबल दिसते, दोन्ही बाजूंनी दोन हात पुढे सरकत येतात. हात मिळाले तर तंटा मिटला, नाही तर संप. हा देखावा फार गमतीदार आहे. मात्र या खेळाचे नाव ज्या गोष्टीसाठी झाले ती याहून बारीक आहे. ती म्हणजे मीठ.

बटाट्याच्या तळलेल्या कापांचे दुकान आपण घातले की, कापांवर मीठ किती टाकायचे हे आपल्याला ठरवता येते. मीठ वाढवा, लोकांना तहान लागते. शेजारी सरबताचे दुकान टाका, तिथे रांग लागते. आणि त्या पेल्यात बर्फ जास्त घाला, म्हणजे सरबत कमी लागते! मावसभावाने हे मला दाखवले तेव्हा आम्ही दोघे पोट धरून हसलो. छबिन्यातल्या रिंगा फेकायच्या दुकानाची मला आठवण झाली. रिंग साबणाच्या वडीवरून जेमतेम जाईल इतकीच मोठी असते, आणि घड्याळावरून तर मुळीच जात नाही. ‘थीम पार्क’मध्ये तीही सोय आहे. नेमबाजीच्या दुकानात शंभरात किती जण जिंकावेत आणि बक्षीस किती किमतीचे असावे, हे आपणच ठरवायचे. म्हणजे ज्या लबाडीला मी लहानपणी दर वर्षी फसलो, तिची किल्ली प्रथमच माझ्या हाती आली. आणि सांगायला लाज वाटते, मी ती वाचकांच्या अपेक्षेपेक्षा जास्त फिरवली.

या खेळाचा मालक गल्ल्यावर बसलेला असतो. त्याला तिथून माणसे दिसतात ती त्यांच्या खिशासकट. पाळणे मोडतात हे खरे, दुर्लक्ष केले तर त्यांचा स्फोटसुद्धा होतो. पण तो स्फोट दिवाळीतल्या सुतळी बाँबसारखा वाटतो. धूर विरतो आणि आपण पुन्हा मिठाकडे वळतो.

आता धाकट्याकडे येऊ. ‘रोलरकोस्टर टायकून’ हे जवळजवळ एका माणसाचे काम आहे. स्कॉटलंडमधले ख्रिस सॉयर हे ते गृहस्थ. चित्रे सायमन फॉस्टर यांची आणि आवाज अलिस्टर ब्रिंबल यांचे, पण खेळाची सगळी रचना सॉयर यांनी एकट्याने लिहिली. तीही अशा भाषेत की, जी तेव्हाच बहुतेकांनी टाकून दिली होती. कॉम्प्युटरला हुकूम देण्याच्या भाषा अनेक आहेत. आपल्याला सोप्या त्या यंत्रापासून दूर असतात, आणि यंत्राला जवळच्या त्या आपल्याला महाकठीण. असेंब्ली ही यंत्राच्या अगदी शेजारी बसणारी भाषा. हा खेळ शंभरात नव्व्याण्णव हिश्शांनी या भाषेत लिहिलेला आहे. घर बांधायला गवंडी बोलावण्याऐवजी मालकाने एकेक चिरा स्वतः घडवावा, तसे हे काम झाले. त्याचा लाभ असा की, त्या काळच्या साध्या यंत्रावरही शेकडो माणसे पडद्यावर न अडखळता चालत. भावाच्या क्लासातल्या खटाऱ्यावर तो खेळ का चालला, याचे उत्तर मला फार वर्षांनी मिळाले. रायगड आमच्या महाड तालुक्यातच. तो बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे. सॉयर यांचा विचार मनात आला की, मला ती पायरी आठवते.

या खेळातल्या पहिल्या बागेचे नाव ‘फॉरेस्ट फ्रंटियर्स’. पहिल्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर बागेत निदान २५० माणसे असली पाहिजेत, आणि बागेची पत ६०० च्या खाली जाता कामा नये, ही अट. ऑक्टोबरअखेर का, तर खेळातले वर्ष मार्च ते ऑक्टोबर असे आठच महिन्यांचे आहे. तिकडे थंडीत बागा बंद असतात. आमच्या कोकणात हेच गणित उलटे. दिवाळीपासून वैशाखापर्यंत जत्रांचे दिवस, आणि पाऊस लागला की पाळणे उतरवून वखारीत. पाऊस त्या खेळातही पडतो. पाऊस पडला की लोक छत्री मागतात, आणि मालकाने छत्रीचा भाव चौपट केला तरी मुकाट्याने देतात. म्हणजे मीठ इथेही आहेच, नाही असे नव्हे. ज्या गावात चार महिने आभाळ फाटते त्या गावच्या मास्तराने ही युक्ती शोधली नसती तरच नवल.

परंतु या खेळाचे मन छत्रीत नाही. ते रुळात आहे. इथे रोलरकोस्टर विकत घेऊन ठेवता येत नाही असे नाही, पण खरी मौज तो स्वतः तुकड्यातुकड्याने बांधण्यात आहे. इथे चढ, इथे उतार, इथे वळण. बांधून झाल्यावर एकदम लोकांना बसवता येते, पण ते बरे नव्हे. शहाण्याने अगोदर पिवळा दिवा लावून रिकामी गाडी सोडून पाहायची. ती फिरून आली की तीन आकडे मिळतात. मजा किती, झोंबणी किती आणि मळमळ किती.

मळमळीला आकडा असतो हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. कारण मी पोलादपूरचा! आमच्या गावातून एक वाट आंबेनळीने महाबळेश्वरास चढते आणि दुसरी कशेडीने खेडकडे उतरते. आता कशेडीला बोगदा झाला, पण माझ्या लहानपणी दोन्हीकडे वळणेच वळणे. गाडी लागणे हा आमच्याकडे आजार समजला जात नाही, प्रवासाचाच भाग समजला जातो. लिंबू, आंबटगोळी आणि कागदाची पिशवी घेतल्याशिवाय आमच्या आईने कुणाला एस.टी.त चढू दिले नाही. वळणावर अंग बाहेर का फेकले जाते, रस्त्याला बाहेरच्या बाजूने उचल का देतात, हे पुस्तकात मी वाचले होते आणि वर्गात सांगतही होतो. पण सॉयर यांच्या खेळात सपाट वळणाला उचल दिली आणि झोंबणीचा आकडा झर्रकन खाली आला, त्या वेळी मला ते कळले. खेळातली माणसे गाडीतून उतरून रस्त्यावर ओकतात, झाडूवाला नसेल तर ते तसेच राहते, आणि मग इतर लोक कुरकुरतात. त्या माणसांपैकी कुणावरही खूण केली की त्याच्या मनातले विचार वाचता येतात. ‘वाट चुकलो, दार कुठे आहे?’ ‘भूक लागली.’ ‘या पाळण्यात बसायची माझी छाती नाही.’ कादंबरीकाराला आणखी काय हवे? ‘थीम पार्क’मध्येही माणसांच्या डोक्यावर इच्छांची चित्रे उमटतात, पण इथे प्रत्येकाला मन दिलेले आहे, नावसुद्धा देता येते. मी एकाला आमच्या वाण्याचे नाव दिले होते. तो अर्धा दिवस बाकावर बसून राहिला आणि एक पैसा खर्च न करता घरी गेला!

आणि आता ज्या एका खिडकीसाठी मी हे सारे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. प्रत्येक पाळण्याच्या माहितीत एक साधी ओळ असते. शेवटची तपासणी किती मिनिटांपूर्वी झाली. तिच्याजवळच भरवशाचा आकडा असतो, आणि तो दिवसेंदिवस आपोआप उतरत जातो. दर किती वेळाने तपासायचे हे मालकाने ठरवायचे. मेकॅनिक थोडे ठेवले तर ते लांबून चालत येतात आणि तपासणी लांबते. लांबली म्हणून लगेच काही होत नाही. गाडी फिरत राहते, गल्ला वाजत राहतो, लोक हसत असतात. एखाद्या दिवशी स्थानकातला ब्रेक निकामी होतो, मागची गाडी पुढच्या गाडीवर येऊन आदळते आणि किती माणसे गेली तो आकडा पडद्यावर येतो. त्यानंतर त्या गाडीत कुणी बसत नाही. पण यालाही तोड आहे. ती गाडी पाडून तशीच दुसरी बांधायची आणि तिला नवे नाव द्यायचे, की लोक पुन्हा रांग लावतात. हे सॉयर यांनी मुद्दाम ठेवले की नकळत राहिले, देव जाणे. मला तरी सगळ्या खेळात तेवढीच जागा भीतिदायक वाटली.

माझा भाऊ पहिल्यापहिल्यांदा गाड्या मुद्दाम आदळवीत असे. पोरवय होते. पुढे त्याचा मुलगा त्याच जुन्या कॉम्प्युटरवर तोच खेळ खेळू लागला. हा पुतण्या स्वभावाने अगदी निराळा. त्याच्या बागेत पाळण्यांपेक्षा मेकॅनिक जास्त. त्यामुळे बाग नेहमी तोट्यात. मी त्याला छत्रीची युक्ती सांगितली तर म्हणाला, ‘काका, मग ते भिजणार नाहीत का, ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते?’ मी गप्प बसलो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि महाड-पोलादपूरच्या दरम्यानचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहने अंधारात माणसांसकट नदीत गेली. तो पूल मला नवा नव्हता. मी पोलादपूरचा आणि शाळा महाडास. त्या पुलावरून कितीदा गेलो असेन याची मोजदाद नाही. पुढे कितीतरी दिवस आमच्या भागात मोठ्याने कुणी बोलत नव्हते. नदीच्या काठाने शोध चालला होता. अशातच एका संध्याकाळी मी भावाकडे गेलो होतो. पुतण्या बारा वर्षांचा असेल. खेळ बंद करून तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने विचारले, ‘काका, पुलाची शेवटची तपासणी किती दिवसांपूर्वी झाली होती?’

मोठ्या माणसांनी हाच प्रश्न पुढे पुष्कळ शब्दांत विचारला. या पोराने तो त्या खिडकीतल्या ओळीत विचारला. मी वीस वर्षे मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो आहे, त्या दिवशी मला देता आले नाही. नवा पूल पुढच्याच वर्षी, २०१७ साली, वाहतुकीला खुला झाला. मी अजूनही त्यावरून जाताना बोलता बोलता थांबतो. शेजारी बसलेल्याला वाटते, मास्तरांना गाडी लागली.

तेव्हापासून या दोन खेळांची तुलना माझ्यापुरती संपली. कुणी विचारतात, दोहोंत चांगला कुठला? हास्यविनोदात थोरला सरस, यात शंका नाही. ते दोन हात, ती कोंबडी, ते मीठ. आणि माणसाच्या लोभाची इतकी निर्मळ चेष्टा धाकट्याला साधलेली नाही. पण मुलाच्या हाती एकच द्यायचा झाला तर मी धाकटा देईन. गल्ल्यावर बसायला आपण सारे जन्मतःच शिकलेले असतो, त्याला खेळाची गरज नाही.

यानंतर या जातीचे खेळ पुष्कळ निघाले. २००४ साली ‘रोलरकोस्टर टायकून’ची तिसरी आवृत्ती केंब्रिजच्या ‘फ्रंटियर’ने काढली, तीत आपल्याच गाडीत बसून फेरी मारता येते. त्यांनीच २०१६ साली ‘प्लॅनेट कोस्टर’ आणला. तो दिसायला इतका देखणा की, पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावे. त्यात महाल बांधा, डोंगर बांधा, एकेक दिवा लावा. मी तो दुसऱ्याकडे पाहिला. मला त्यात बाग सजवण्याचा हव्यास जास्त दिसला. असो. म्हाताऱ्याला आपल्या वेळचीच जत्रा बरी वाटायची. मी चाळिशीतच म्हातारा झालो म्हणा.

खरी बाग पाहायचा योगही एकदा आला. आमच्याच रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली ‘इमॅजिका’ उघडली. तिथे ‘नायट्रो’ नावाचा मोठा रोलरकोस्टर आहे. त्यात बसणाऱ्याच्या पायाखाली जमीन नसते, पाय नुसते लोंबत असतात. आम्ही घरची सगळी मंडळी पहाटे निघून दार उघडण्यापूर्वीच पोचलो. लांबून पाहिले तर एक रिकामी गाडी त्या उंच रुळांवरून एकटीच फिरत होती. माझी लेक घाबरली. म्हणाली, ‘बाबा, ती माणसं कुठे पडली?’ पुतण्या मोठ्याने हसला. ‘अगं, पिवळा दिवा आहे. टेस्टिंग चाललंय.’ आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘बसायला हरकत नाही, काका.’ ते दोघे बसले. मी बाकावर पिशव्या सांभाळल्या.

२२ जुलै २०२१ च्या पुरात भावाच्या घरात पाणी शिरले. ओसरल्यावर चिखलातून आम्ही भांडी, पाट, वह्या काढल्या, त्यात तो जुना कॉम्प्युटरही निघाला. पुतण्याच्या सगळ्या बागा त्यात होत्या. त्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या तळियेस अख्खी वाडी दरडीखाली गेली होती. त्यापुढे कॉम्प्युटरचे दुःख करायची कुणाला शरम वाटली नसती तरच नवल, म्हणून पोरगा काही बोलला नाही. पण तो खेळ आता फोनवरही मिळतो. लेकीने तो घेतला आहे, आणि दादाने सांगितल्याप्रमाणे पहिले मेकॅनिक, मग पाळणा, अशी तिची रीत आहे.

गेल्या छबिन्याला मी तिला घेऊन गेलो होतो. आकाशपाळणा होता. तिकीट काढायला गेलो तर ही पुढे होऊन पाळणेवाल्याला विचारते, ‘काका, शेवटचं तपासलं कधी?’ मला ओशाळल्यासारखे झाले. तो मनुष्य मात्र रागावला नाही. त्याने कमरेला खोचलेला पाना काढून तिला दाखवला. म्हणाला, ‘उभारताना एकदा, आणि रोज पाळणा चालू करायच्या आधी एकदा, बाय. आज दुपारी मीच वर चढलो होतो. तो निळा डबा दिसतो ना, त्याचा नट ढिला होता.’

‘मग आता घट्ट आहे?’

‘हलवून बघ.’

तिने निळा डबा खाली आला तसा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला, आणि त्यातच जाऊन बसली. मी वर बघत उभा राहिलो, तिच्या चपला हातात घेऊन.